मोबाइलमुळे मुलं उतावळी होतात का?

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो सांभाळणाऱ्या डॉ. एम. व्ही. गोपालस्वामींनीच १९३५मध्ये आपल्या घरी ‘आकाशवाणी’ हे रेडिओ केंद्र सुरू केलं. मनाचा अभ्यासक नव्या माध्यमाला भ्याला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. मोबाइलबद्दल बोलतानाही तसंच शांत डोकं हवं. सगळं खापर त्याच्यावर फोडलं की खरं दुखणं नजरेआड राहतं.

गैरसमज : माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षाही कमी, जेमतेम ८ सेकंद टिकतं.
या आकड्यामागे कुठलंही संशोधन नाही. तो विसरा.

गैरसमज : मूल उतावळं झालं ते मोबाइलमुळेच.
उतावळेपणा मोजायची एक साधी रीत आहे. पडद्यावर एक खूण आली की बटण दाबायचं, दुसरी आली की हात आवरायचा. आवरला नाही की चूक. स्क्रीनवर जास्त वेळ घालवणारी मुलं अशा कसोट्यांत काही पाहण्यांमध्ये मागे पडतात, काहींत फरक दिसत नाही. लॉस एंजेलिसमध्ये सुमारे २,६०० किशोरवयीन मुलांची दोन वर्षं पाहणी झाली. सुरुवातीला त्यांच्यात अतिचंचलतेची ठळक लक्षणं नव्हती. २०१८मध्ये निष्कर्ष आले : विचारलेल्या १४ डिजिटल गोष्टींपैकी एकही दिवसातून अनेकदा न वापरणाऱ्यांत ४.६ टक्के, तर सगळ्या तशा वापरणाऱ्यांत १०.५ टक्के मुलांत ती लक्षणं दिसली. संबंध आहे, तो नाकारू नये. पण सर्वाधिक वापर करणाऱ्यांतही दहातल्या जवळपास नऊ जणांत ती दिसली नाहीत. शिवाय मुळातच चुळबुळ्या असलेल्या पोराच्या हाती फोन लवकर येतो. त्याला गप्प बसवायला आपणच तो देतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यामुळे सहज सांगता येत नाही.

गैरसमज : किती तास पाहिलं, एवढंच महत्त्वाचं.
अमेरिकेत चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकाने ९ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलं, दुसऱ्याने संथ शैक्षणिक कार्यक्रम, तिसऱ्याने चित्रं काढली. लगेच घेतलेल्या कसोटीत कार्टूनवाली मुलं मागे पडली. परिणाम किती वेळ टिकतो, हे त्यात तपासलं नव्हतं. पण काय पाहिलं आणि झोपेतला किती वेळ त्यात गेला, हे तासांइतकंच बघायला हवं. अपुऱ्या झोपेचं मूल स्वतःला आवरू शकत नाही.

गैरसमज : मूल बोलत नाही ते मोबाइलमुळे, तो बंद केला की बोलेल.
व्हिडिओ कॉल सोडल्यास दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. ते पाळाच. पण बोलायला उशीर होण्यामागे कमी ऐकू येणं हेही कारण असू शकतं. १९६५मध्ये स्थापन झालेली, म्हैसूरच्या मानसगंगोत्रीतली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था नेमकं हेच तपासते. मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर फोन बाजूला ठेवाच, पण वाट पाहत न बसता जवळच्या रुग्णालयात त्याची श्रवणचाचणीही करून घ्या.