प्रवाळाच्या भिंतीत सागवान

बेरेनिकेला प्यायचं पाणी नव्हतं. ते आठ-दहा किलोमीटर आतल्या विहिरींवरून आणावं लागे, आणि त्या विहिरींवर पहारा ठेवायला किल्ले बांधलेले होते. शेती नव्हती, इमारतीच्या कामाचं लाकूड नव्हतं. तरीही इजिप्तच्या आग्नेय कोपऱ्यात, तांबड्या समुद्राच्या काठी हे शहर जवळजवळ आठशे वर्षं नांदलं.

आज तिथे पोचलेल्या माणसाची पहिल्यांदा निराशाच होते. उंच खांब नाहीत, कमानी नाहीत. वाळूच्या बसक्या टेकड्या, त्यांवर विखुरलेली खापरं आणि मधूनमधून भिंतींच्या ओळी, एवढंच दिसतं. 1818 मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाने ही जागा ओळखली. पद्धतशीर उत्खनन सुरू व्हायला मात्र 1994 साल उजाडलं. स्टीव्हन साइडबोथम आणि विलेके वेंड्रिख यांच्या पथकाने ते हाती घेतलं, पुढे पोलंडचे पुरातत्त्वज्ञही आले आणि काम अजून चालूच आहे. भिंतींजवळ वाकून पाहिलं की पहिला धक्का बसतो. त्या दगडाच्या नाहीतच. समुद्राकाठी सापडणाऱ्या प्रवाळाच्या अश्मीभूत गड्ड्यांनी घरं बांधली आहेत. आणि या ओबडधोबड गड्ड्यांचे थर समतल राहावेत म्हणून मधूनमधून लाकूड घातलेलं आहे. त्यातलं बरंचसं सागवान आहे.

साग मूळचा आफ्रिकेतला नाही, तो आपल्याकडचा. मग वाळवंटातल्या घराच्या भिंतीत तो आला कसा? काही तुकड्यांवरच्या खाचा आणि खुंट्यांची भोकं पाहून अभ्यासकांनी उत्तर काढलं: ही जहाजांची लाकडं. अरबी समुद्र ओलांडून आलेलं एखादं गलबत निकामी झालं की ते मोडून त्याच्या फळ्या घराला लावायच्या. लाकूड ही तिथे चैनीची वस्तू होती.

अशा गैरसोयीच्या जागी बंदर करण्यामागे वाऱ्याचं गणित होतं. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा जवळजवळ बारा महिने उत्तरेकडूनच वाहतो. शिडाच्या जहाजाने त्याच्याशी झुंजत सुएझपर्यंत जाण्यापेक्षा दक्षिणेलाच माल उतरवून उंटांवर लादणं परवडत असे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमीने हे बंदर वसवून त्याला आईचं नाव दिलं. तेव्हा त्याला आफ्रिकेतून लढाईचे हत्ती आणायचे होते. पुढे रोमन काळात हत्ती मागे पडले आणि मिरी पुढे आली. बेरेनिके ते नाईलकाठचं कोप्टोस हा रस्ता बारा दिवसांचा. उन्हामुळे तांडे रात्रीच चालत, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. कोप्टोसहून होड्यांतून अलेक्झांड्रिया. बेरेनिकेहून जहाजं ऐन उन्हाळ्यात निघत, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भारत गाठत आणि डिसेंबर-जानेवारीच्या उलट्या वाऱ्यावर परतत. सेरापिसच्या देवळाच्या अंगणात जमिनीत अर्धवट पुरलेला एक भारतीय रांजण सापडला, त्यात साडेसात किलोंहून जास्त काळी मिरी होती. पहिल्या शतकातली.

पर्यटकांसाठीच्या माहितीत या मिरीचं कौतुक फार असतं. मला जास्त नवल वाटतं ते शहराच्या दुसऱ्या जन्माचं. तिसऱ्या शतकात व्यापार मंदावला होता. चौथ्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे सत्ता कॉन्स्टँटिनोपलकडे गेल्यावर, बेरेनिके पुन्हा गजबजलं. प्रवाळ-सागवानाची घरं याच बायझंटाइन काळातली: खाली दुकान किंवा कोठार, जिना, वर बिऱ्हाड. शहराच्या पूर्व टोकाला चर्च. आणि त्याच सुमारास एका देवळात वाळवंटातल्या ब्लेमीज टोळीवाल्यांची वेगळीच पूजा चाललेली. तिथे पंधरा ससाणे पुरलेले मिळाले, बहुतेक बिनडोक्याचे. सोबतच्या ग्रीक शिलालेखाचा अर्थ असा, की इथे डोकं उकळणं योग्य नाही! देवळात अशी पाटी लावावी लागली म्हणजे कोणीतरी उकळत असणारच.

पण खरा खजिना उकिरड्यात आहे. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे नारळाच्या करवंट्या, तांदूळ, मूग हे सगळं शाबूत मिळतं. कापडाच्या चिंध्यासुद्धा मिळतात, आणि त्यांचं मूळ गाव ओळखायची युक्ती साधी आहे: पिळाची दिशा. इजिप्तमधली सूतकताई सुताला एका बाजूला पीळ देई, भारतातली त्याच्या उलट. भिंग लावलं की कोणतं कापड कुठलं ते कळतं. चौथ्या-पाचव्या शतकांतलं, नको तिथे रंग लागू नये म्हणून लेप देऊन रंगवलेलं भारतीय सुती कापड इथे आहे. त्याआधीच्या थरांत जहाजाच्या शिडाचे तुकडे आहेत, तेही भारतीय पिळाच्या सुताचे. रोमन व्यापाराच्या गोष्टी सांगताना आपण रोमन जहाजंच डोळ्यांपुढे आणतो. निदान काही शिडं मात्र आपल्याकडच्या कापडाची होती.

माणसंही आपली होती. इसिसच्या देवळात तिसऱ्या शतकातला एक संस्कृत शिलालेख मिळाला, फिलिप द अरब या रोमन सम्राटाच्या काळातला. 2022 मध्ये तिथेच बुद्धाची संगमरवरी मूर्ती निघाली, सुमारे 71 सेंटिमीटर उंच, मस्तकामागे सूर्यकिरणांचं प्रभामंडळ आणि बाजूला कमळ. दगड इस्तंबूलजवळचा असावा आणि मूर्ती अलेक्झांड्रियात घडवली असावी, असा संशोधकांचा अंदाज. त्याच देवळात सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. इसिस, बुद्ध, सातवाहन, रोमन सम्राट: हे सगळे एका छपराखाली! मला तरी अशी दुसरी जागा माहीत नाही.

सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहर ओस पडलं. बंदर गाळाने भरत आलं होतं आणि व्यापार दक्षिणेला, अक्सुम राज्याच्या अडुलिस बंदरावर सरकला होता. साधारण त्याच सुमारास कोस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे संन्यासी झाला असं मानतात, एक ग्रंथ लिहिला. त्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लियाना’ची नोंद आहे. तिथून तांबं, लाकडाचे ओंडके आणि कापड निघतं, आणि इराणहून नेमलेला बिशप तिथे असतो, असं तो सांगतो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

सोपारा, चौल आणि कल्याण ही नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविक-मार्गदर्शकातही आहेत. बेरेनिकेत वस्ती उरली नाही म्हणून तिथला उकिरडा जपला गेला. आपल्या या बंदरांच्या जागी मात्र आजही वस्ती नांदते आहे आणि त्यांचा उकिरडा आपल्या इमारतींच्या पायाखाली आहे. तेव्हा कल्याण, सोपारा, चौलच्या वाचकांना एक विनंती: घराचा किंवा विहिरीचा खड्डा खणताना जुनी खापरं, मणी, नाणी निघाली तर राडारोड्यात जाऊ देऊ नका. काम थांबवून, वस्तू जागच्या जागी ठेवून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.