फ्लाइट सिम्युलेटरसाठी मोठा मॉनिटर घेताय? आधी टेबलावर टेप लावून मोजा!

रात्रीचे साडेअकरा. घरातले सगळे झोपलेत. तुमचं ए३२० घाटकोपरवरून मुंबईच्या रनवे २७ कडे खाली येतंय. वेग किती, उंची किती हे बघायला तुम्ही खुर्चीतून पुढे वाकता, नाक जवळजवळ स्क्रीनला टेकतं, आणि तेवढ्यात विमान धावपट्टीच्या डावीकडे सरकलेलं असतं.

२४ इंची स्क्रीनवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही रात्र येते. मग दुसऱ्या दिवशी शोध सुरू होतो, ‘मोठा मॉनिटर कुठला घ्यावा?’ आणि इथेच बऱ्याच जणांचे पैसे फसतात.

आमच्या एका मित्राने बोनस आला तसा थेट ४३ इंची ४के स्क्रीन आणली. चित्र झकास! पण त्याचं ग्राफिक्स कार्ड चार वर्षं जुनं. विमान उडायचं बंद होऊन स्लाइड शो सुरू झाला. आता स्क्रीन बदलायची की कार्ड घ्यायचं, या पेचात त्याने दोन महिने काढले.

असं का झालं? साधं गणित आहे. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके म्हणजे पिक्सेल असतात. क्यूएचडीवर, म्हणजे २५६० बाय १४४० वर, ३६.९ लाख. आणि ४के वर तब्बल ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. हा प्रत्येक ठिपका कार्डाला सेकंदाला तीस-चाळीस वेळा रंगवावा लागतो. स्क्रीन किती इंची आहे याच्याशी कार्डाला काही देणंघेणं नसतं, त्याला भार पडतो तो ठिपक्यांचा.

पण मग २७ इंचीत फुल एचडीच घेतली तर? कार्ड खूश, डोळे नाराज. २४ इंची फुल एचडीत एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचीत ते ८२ वर येतात. तेच ठिपके ताणून मोठे केले, एवढंच. डायलवरचे आकडे मोठे होतात, स्पष्ट होत नाहीत.

आता गंमत बघा. ३२ इंची क्यूएचडीत पुन्हा इंचाला ९२ च ठिपके येतात. म्हणजे तुमच्या जुन्या २४ इंची स्क्रीनइतकीच सुबकता, फक्त खिडकी मोठी. मध्यम ताकदीचा पीसी असेल तर आमचं मत सरळ यालाच. ‘३२ इंचीला ४के च हवं’ असं दुकानदार सांगेल. कार्ड दणकट असेल तर जरूर घ्या, अक्षरं खरंच कोरीव दिसतात. नसेल तर त्याला हसून नमस्कार करा.

कार्ड झेपेल का, हे खरेदीच्या आधीच घरी तपासता येतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘रेंडर स्केलिंग’ नावाची सेटिंग आहे. अँटी-एलियासिंग टीएए वर ठेवा आणि फुल एचडी स्क्रीनवर हे स्केलिंग २०० करा. स्क्रीन तीच, पण कार्ड आतून ४के एवढं काम करू लागतं. १३० च्या आसपास ठेवलं तर क्यूएचडीचा अंदाज येतो. मग मोठ्या शहराच्या विमानतळावर ढगाळ हवेत उतरून बघा. तिथे तग धरला तर बाकी सगळीकडे धरेल.

दुसरा घोळ ‘अल्ट्रावाइड’चा. ३४ इंची म्हटल्यावर ती ३२ पेक्षा सगळ्याच बाजूंनी मोठी असणार, असं वाटतं. पण तिची उंची जेमतेम २७ इंची स्क्रीनएवढी, साधारण ३३ सेंटिमीटर. वाढते ती रुंदी, सुमारे ८० सेंटिमीटर. बाजूच्या खिडक्या दिसायला हे छान, पण वर विंडशील्ड आणि खाली पॅनेल एकाच वेळी बघायचं असेल तर उंचीही लागते.

आणि ४३ इंची? तिची रुंदी ९५ सेंटिमीटर. सेसना १७२ ची केबिन आतून साधारण १ मीटर रुंद असते. म्हणजे पॅनेल जवळजवळ खऱ्या आकारात समोर! मोह होणारच. पण आपली टेबलं बऱ्याचदा ६० सेंटिमीटर खोल असतात, आणि त्यातली बरीचशी जागा स्टँडच खातो. इतक्या जवळून एवढी स्क्रीन बघायची तर दर मिनिटाला मान वरखाली. भिंतीवर किंवा आर्मवर लावून डोळ्यांपासून ८०-९० सेंटिमीटर अंतर मिळत असेल तरच तिच्या वाटेला जा.

मॉनिटरऐवजी टीव्ही घेणार असाल तर गेम मोड हवाच, नाहीतर जॉयस्टिक हलवल्यावर विमान उशिरा वळतं. संगणकाची अक्षरं फुटकी दिसली तर इनपुटचं नाव ‘पीसी’ करून बघा, अनेक टीव्हींमध्ये तेवढ्यानेच काम होतं. टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, तेव्हा टेबलाची रुंदीही मोजा. एक बरं झालंय, ३२ इंचांवरच्या टीव्ही आणि मॉनिटरवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय.

१४४ हर्ट्झ, २४० हर्ट्झ या आकड्यांना इथे फार भुलू नका. गोळीबाराच्या गेमला ते लागतात. फ्लाइट सिम्युलेटर बऱ्याच पीसींवर ३० ते ६० फ्रेममध्येच चालतो. त्यापेक्षा फ्रीसिंक किंवा जी-सिंक आहे का ते बघा, कमीजास्त होणाऱ्या फ्रेम त्यामुळे फाटत नाहीत. ओएलईडीवर रात्रीचं आकाश सुरेख काळं दिसतं, पण डायल तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहतात आणि त्यांचा कायमचा डाग पडायचा धोका असतो. रोज चार तास उडणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

राहिली एक गोष्ट, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. जुहूच्या छोट्या धावपट्टीला वळसा घालून उतरताना धावपट्टी तुमच्या खांद्याच्या बाजूला असते, समोर नाही. ७० सेंटिमीटरवरून ३२ इंची स्क्रीन तुमच्या नजरेचे फक्त ५४ अंश व्यापते, ४३ इंची ६८. खांद्याकडे बघायला दोन्ही अपुऱ्याच. त्यासाठी मान वळवली की गेममधला पायलटही मान वळवेल असं हेड ट्रॅकिंग लागतं, आणि ओपनट्रॅक हे फुकट सॉफ्टवेअर ते काम साध्या वेबकॅमवर करतं. हे आधी आठवडाभर वापरा. कदाचित २७ इंचीतच तुमचं भागेल!

तरीही मोठीच हवी असेल तर फ्रिज-टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, ३२ इंचीसाठी ७१ बाय ४० सेंटिमीटर कापा आणि आताच्या स्क्रीनच्या जागी उभा करा. खुर्चीत बसा, जॉयस्टिक हातात घ्या. चारही कोपरे मान न हलवता दिसतायत का? दिसत असतील तर खुशाल ऑर्डर करा, आणि स्क्रीन आल्यावर परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका.