मुंबई-नागपूर : दीड तास कुणाचा?

मुंबईपासून नागपूर किती लांब? रेल्वेला विचाराल तर ती ८३७ किलोमीटर सांगेल. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ सांगतो. पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्यापासून, तिथवरची मुंबई ज्याची त्याने ओलांडायची. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सुमारे ६८० भरतात.

जेट विमान ताशी आठशेच्या आसपास धावते. म्हणजे तासाच्या आत नागपूर यायला हवे. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास आकडा दिसतो, कारण विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते आणि ते उतरून पुन्हा जागेवर उभे राहिले की थांबते. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या. एका वेळी एकच चालते. मग निघताना जमिनीवर रांग आणि परतताना आकाशात घिरट्या. (सूर्य नागपूरच्या माथ्यावरून मुंबईच्या माथ्यावर २५ मिनिटांत येतो. त्याला धावपट्टी लागत नाही!)

आम्ही बँकवाले हे अंतर दिवसांत मोजत असू. बाहेरगावचा चेक वसुलीला गेला की गिऱ्हाईक रोज काउंटरशी येऊन विचारी, "साहेब, आला का?" टपालाच्या बाबतीत नागपूरचा मान खरे तर मोठा. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री तिथे भेटत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत घरी परतत. वैदर्भी माणूस विमानात बसण्याच्या कितीतरी आधी त्याचे पत्र विमानात बसले होते.

आमच्या शाखेत वर्धेकडचा एक कारकून होता. वडील अत्यवस्थ असल्याची तार दुपारी हाती पडली. विमानाचा विचारसुद्धा त्या पगारात शक्य नव्हता. रात्रीची गाडी, सकाळी वर्धा, पुढे एसटी. तो पोचला तेव्हा मंडळी स्मशानातून परत निघाली होती. आज त्याच्या मुलाला विमान परवडेलही; पण ऐनवेळी घ्यायच्या तिकिटाचे दर पाहिले की वाटते, ज्याला सर्वांत घाई त्याच्याकडूनच सर्वांत जास्त घ्यायचे, हा कुठला व्यवहार? बाजाराचे गणित मला कळते, बँकेत आयुष्य गेले. पटत मात्र नाही.

१९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरवायचे ठरले, ते या अंतरामुळेच. मंत्रालय दारी यावे, ही अपेक्षा. डिसेंबरात फायली येतात, मंत्री विमानाने येतात आणि अधिवेशन संपले की सगळे परत जातात.

उरलेल्या वर्षात उलटा प्रवास चालू असतो. परळच्या टाटा रुग्णालयात जायला गडचिरोलीकडचा माणूस निघतो, तेव्हा आधी नागपूर गाठण्यातच त्याचे चार-पाच तास जातात. गाव आडबाजूला असेल तर अधिकच. कर्करोग्याला रेल्वेच्या स्लीपरचे भाडे माफ आहे, म्हणून तो गाडीच धरतो. रात्रभर जागा बायकोला देऊन स्वतः दाराशी बसलेला नवरा मी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये पाहिला आहे. मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट होते, आणि इगतपुरी गेल्यावर त्याने मला विचारले, "दादरले उतरू का पुढं जाऊ, भाऊ?"