दुर्बीण चांगली, पण कोणाच्या डोळ्यांना?

हिवाळ्याच्या अखेरीस भिगवणला उजनी जलाशयात रोहित पाहायला गेलेल्या मंडळींमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. नावेत एकच दुर्बीण हातोहात फिरत असते. कोणी म्हणतं, ‘वा, चोचीचा बाकसुद्धा दिसतोय!’ शेजारचे चष्मेवाले काका मात्र ती डोळ्यांना लावतात, इकडेतिकडे फिरवतात आणि परत देतात. ‘मला नुसतं काळंच दिसतंय. वय झालं आता.’ बऱ्याचदा यात वयाचा काही संबंध नसतो. दुर्बीण आधीच्या माणसाच्या चेहऱ्याप्रमाणे लावलेली असते, इतकंच.

प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं. दुर्बिणीच्या दोन नळ्या मधल्या बिजागरीवर उघडून-मिटून या अंतराशी जुळवाव्या लागतात. दोन वर्तुळांचं मिळून एकच गोल वर्तुळ दिसलं, की जुळलं. लहान मुलांचे डोळे इतके जवळ असतात, की मोठ्यांच्या अनेक दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत. मुलगा ‘दिसत नाही’ म्हणतो, तेव्हा तो कंटाळलाय असं समजून त्याला रागावण्यात अर्थ नाही.

चष्मेवाल्यांची अडचण वेगळी. चित्र पूर्ण दिसण्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून ठरावीक अंतरावर असावा लागतो. डोळा आणि भिंग यांच्यामध्ये चष्मा आला, की डोळा आपोआप मागे सरकतो आणि दृश्य नळीतून पाहिल्यासारखं आक्रसतं. म्हणून चष्मा लावणाऱ्यांनी हे अंतर निदान १५-१६ मिलिमीटर असलेली दुर्बीण घ्यावी आणि भिंगाभोवतीच्या रबरी वाट्या पूर्ण खाली कराव्यात. चष्मा नसेल तर त्या वर ठेवायच्या. नाहीतर डोळा फार जवळ जाऊन काळे डाग नाचू लागतात. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जुळवता येतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल, तर तो दोष दुर्बीण भरून काढत नाही; चष्मा ठेवावाच लागतो.

दोन्ही डोळ्यांचा नंबर क्वचितच अगदी सारखा असतो. त्यासाठी बहुतेक दुर्बिणींच्या उजव्या भिंगाजवळ एक कडं असतं. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं. मग डावा झाकून, चाकाला हात न लावता, फक्त ते कडं फिरवायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण वर्षानुवर्षं दुर्बीण वापरणाऱ्यांनाही हे कडं कशासाठी असतं, ते पुष्कळदा माहीत नसतं.

आकड्यांचा मोह इथेही असतोच. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दृश्य आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात, डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत तेवढ्या मिलिमीटरचा. १०×२५ मध्ये तो अवघा २.५ उरतो. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरच असते, त्यामुळे तोही पुरतो. संध्याकाळी मात्र चित्र मंद वाटतं आणि डोळा जरा हलला की निसटतं. शिवाय दहा पट दृश्यात हाताची थरथरही दहा पट होते. ज्यांचे हात कापतात त्यांना आठ पटच अधिक स्पष्ट दिसतं. वजनाचंही तसंच. ६००-७०० ग्रॅम दुकानात हलके वाटतात. दोन तासांनी मानेला कळतात. मानेचं दुखणं असेल तर खांद्यांवरून जाणारा पट्टा लावावा.

खरी काळजी घ्यायची ती स्वस्त किंवा आपटलेल्या दुर्बिणीबाबत. तिच्या दोन नळ्या थोड्याशा वेगळ्या दिशांना पाहत असतात. मेंदू ती दोन चित्रं ओढूनताणून एक करतो, म्हणून दोष चटकन दिसत नाही. पण डोळ्यांचे स्नायू सतत राबतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखू लागतं. दुकानाबाहेर येऊन लांबच्या विजेच्या खांबाकडे चार-पाच मिनिटं पाहावं. डोळ्यांवर ताण जाणवला किंवा दुर्बीण खाली घेताना क्षणभर दोन खांब दिसले, तर ती घेऊ नये. आणि दुर्बिणीशिवायही एकाचे दोन दिसत असतील, तर दुकान बदलून उपयोग नाही, नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

घरात दुर्बीण एकच असेल, तर उजव्या कड्यावर प्रत्येकाची खूण वेगळ्या रंगाने करून ठेवता येते. काकांची खूण पहिली.