उद्याचे खेळाडू की आजचा तारा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणात आंबा मोहोरला की व्यापारी बागांमधून फिरू लागतात. झाडावर अजून कैरीही धरलेली नसते, पण बागेचा सौदा ठरून जातो. मालकाच्या हातात पैसे आज पडतात. फळ किती येईल हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये अशाच प्रकारचे सौदे होतात. फरक एवढाच, की तिथे मोहोरही दिसत नाही. पाच-सात वर्षांनंतरचं फळ आजच विकलं जातं आणि त्याच्या बदल्यात एखादा नावाजलेला खेळाडू घेतला जातो. हा सौदा शहाणपणाचा की आततायीपणाचा, याविषयी आज थोडं बोलूया.

आधी ही पद्धत समजून घेऊ. ‘एनबीए’ या तिथल्या प्रमुख स्पर्धेत ३० संघ आहेत. नव्या, तरुण खेळाडूंची दरवर्षी वाटणी होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आपल्या आयपीएलसारखा तिथे लिलाव नसतो. संघांनी ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडायचा असतो. दोन फेऱ्या होतात, पण खरी किंमत पहिल्या फेरीला. या क्रमातली मेख अशी, की जो संघ सर्वांत जास्त हरला, त्याला सर्वांत आधी निवडण्याची संधी मिळण्याचा संभव अधिक. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून १९८५पासून वरचे क्रमांक सोडतीने ठरू लागले. २०१९मध्ये नियम आणखी बदलले, तेव्हा तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी देण्यात आली. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचा सुरुवातीच्या वर्षांचा पगार ठरावीक कोष्टकाप्रमाणे असतो. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्यामुळे, स्वस्तात मिळालेला गुणी पोरगा ही मोठीच दौलत ठरते.

निवडीचा हा हक्क विकता येतो, आणि तोही सात वर्षं पुढचा. एखादा तारा हवा असेल तर दुसऱ्या संघाला म्हणायचं, तुमचा खेळाडू आम्हाला द्या, आमचे पुढचे तीन-चार हक्क घ्या.

वरवर पाहता व्यवहार सोपा वाटतो. अंगणातला मोर सोडून रानातल्या मोरामागे कोण धावेल? पण इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. निवडहक्क हा संघाच्या पडत्या काळाचा विमा आहे. संघ चांगला खेळत असेल तर त्याचा क्रमांक शेवटी येतो आणि त्या हक्काला फारशी किंमत राहत नाही. संघ कोसळला तरच तो हक्क सोन्याचा होतो. म्हणजे सौदा यशस्वी झाला तर आपण फारसं काही गमावलेलं नसतं; पण फसला तर तारा गेलेला असतो आणि सावरण्याचं साधनही दुसऱ्याच्या हातात असतं. तोटा दुहेरी होतो.

ब्रुकलिन नेट्स या संघाने हे अनुभवलं. २०१०मध्ये रशियन उद्योगपती मिखाईल प्रोखोरोव यांनी हा संघ घेतला आणि पाच वर्षांत विजेतेपद मिळवण्याची भाषा केली. २०१३मध्ये संघाने बोस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पीयर्स हे दोन दिग्गज आणले. गार्नेट तेव्हा ३७ वर्षांचा होता, पीयर्स ३५चा. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ या वर्षांचे पहिल्या फेरीतले हक्क दिले. शिवाय २०१७मध्ये बोस्टनला हवं तर क्रमांकांची अदलाबदल करता येईल, हेही मान्य केलं.

पहिल्या हंगामात संघ बाद फेरीचा एक टप्पा पार करून दुसऱ्यात हरला. पीयर्स वर्षभरात निघून गेला, गार्नेट २०१५च्या फेब्रुवारीत. मग घसरण लागली. २०१६-१७च्या हंगामात नेट्सने ८२पैकी फक्त २० सामने जिंकले. त्या अपयशातून मिळालेला पहिला क्रमांक गेला बोस्टनकडे, आणि बोस्टन तर त्या वर्षी आपल्या विभागात अव्वल होता! या व्यवहारातून बोस्टनच्या हाती आधी जेलन ब्राउन आणि नंतर जेसन टेटम हे दोन तरुण आले. २०२४मध्ये याच जोडीने बोस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. इकडे नेट्सचे प्रेक्षक हरणारा संघ पाहत होते आणि त्या हरण्याचं फळ दुसऱ्या गावाला जात होतं.

मग हक्क कधीच देऊ नयेत का? तसंही नाही. मिलवॉकी बक्सचं उदाहरण पाहा. यानिस आंतेतोकूंपोसारखा अव्वल खेळाडू त्यांच्याकडे ऐन उमेदीत होता. संघ सलग दोन हंगाम साखळीत सर्वांत जास्त सामने जिंकत होता, पण बाद फेरीत अडखळत होता. २०२०मध्ये त्यांनी पहिल्या फेरीतले तीन हक्क, दोन अदलाबदली आणि काही खेळाडू देऊन ज्रू हॉलिडे हा भक्कम बचाव करणारा खेळाडू आणला. २०२१मध्ये तब्बल ५० वर्षांनी त्यांनी विजेतेपद मिळवलं. घर बांधून तयार होतं, फक्त दार बसवायचं बाकी होतं.

पण याच संघाची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २०२३मध्ये त्यांनी हॉलिडेलाच सोडून, वर आणखी पुढचे हक्क देऊन, डेमियन लिलार्ड आणला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. लागोपाठ दोन वर्षं संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरला. २०२५मध्ये लिलार्डला पायाची गंभीर दुखापत झाली आणि संघाने त्याला मोकळं केलं. एकदा साधलं म्हणून दुसऱ्यांदा साधेलच असं नसतं.

लॉस एंजलिस क्लिपर्सनी २०१९मध्ये पॉल जॉर्जसाठी पहिल्या फेरीतले पाच हक्क तर दिलेच, शिवाय शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक कोवळा खेळाडूही दिला. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. जॉर्ज आल्यामुळे क्वाय लेनर्डही संघात येणार होता. पण विजेतेपद आलं नाही आणि २०२४मध्ये जॉर्ज दुसऱ्या संघात गेला. तो कोवळा खेळाडू मात्र ओक्लाहोमा सिटीचा आधारस्तंभ झाला. क्लिपर्सच्याच एका हक्कातून तिथे जेलन विल्यम्स आला. २०२५मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेता ठरला.

हे सौदे कितीही महाग पडले तरी होतच राहतात, याचं कारण सही करणारा आणि किंमत मोजणारा एकच माणूस नसतो. व्यवस्थापकाला याच वर्षी निकाल दाखवायचा असतो. सात वर्षांनी त्याच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसलेला असतो. नेट्सचे व्यवस्थापक बिली किंग यांचं पद २०१६च्या जानेवारीतच गेलं होतं. अपयशाचं सगळ्यात वाईट वर्ष त्यानंतर आलं. जागेवर राहतो तो प्रेक्षक. १९८०च्या सुमारास क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी आपले हक्क असे काही उधळले, की लीगला नियम करावा लागला: लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीतल्या हक्काविना राहावं लागेल असा सौदा करता येणार नाही. हा नियम आजही स्टेपियन यांच्याच नावाने ओळखला जातो.

माझं मत विचाराल तर सौद्याआधी तीन प्रश्न विचारावेत. संघात एकाच माणसाची उणीव आहे, की सगळंच नव्याने उभारायचं आहे? येणाऱ्या खेळाडूची चांगली वर्षं पुढे आहेत, की मागे गेली? आणि हे फसलं तर सावरायला आपल्याकडे काय उरेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मनासारखी असतील आणि तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं नसेल, तर खुशाल हक्क द्यावेत. आंब्याची बाग मोहोरावर देणारा शेतकरीही एका हंगामाचं फळ देतो, झाडं आपल्याकडे ठेवतो.