श्वास सांभाळणारे हात

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनचं ब्लेगडॅम रुग्णालय पोलिओच्या रुग्णांनी भरून गेलं होतं. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छेद घ्यायला लावून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. पुढचे कित्येक महिने वैद्यकाचे सुमारे १,५०० विद्यार्थी आळीपाळीने अशा पिशव्या दाबत बसले.

आज ते काम व्हेंटिलेटर करतो, पण त्याच्याशेजारी जाणतं माणूस लागतंच. श्वसनोपचार तंत्रज्ञ आणि त्यांचे सहायक ती जबाबदारी उचलतात.

सहायकाचं शिक्षण सुरू होतं ते सिलिंडर, फ्लोमीटर, नेब्युलायझर आणि नळ्यांच्या स्वच्छतेपासून. खरा कस लागतो सक्शनला, म्हणजे श्वासनलिकेतला कफ बारीक नळीने (कॅथेटरने) ओढून काढण्याला. पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. आधी रुग्णाला भरपूर ऑक्सिजन द्यायचा. कॅथेटर आत सरकवताना ओढ द्यायची नाही, बाहेर काढतानाच द्यायची, आणि सगळं १५ सेकंदांच्या आत उरकायचं. हात काम करत असताना नजर मॉनिटरवर हवी. ऑक्सिजन किंवा नाडी घसरली की तिथेच थांबायचं. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगा २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर राखायचा. कमी पडला तर तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा होते.

दर श्वासाला किती हवा द्यायची, याचा हिशेब तंत्रज्ञाला यावा लागतो. तो काट्यावरच्या वजनाने होत नाही, उंचीवरून काढलेल्या वजनाने होतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुप्फुसं गंभीर सुजलेल्या रुग्णांना किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. बदलला तो फक्त आकडा. या विद्येचं मोल मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

आपल्याकडे करोनाच्या काळात अनेक ठिकाणी व्हेंटिलेटर पोहोचले, पण ते चालवणारे हात अपुरे पडले. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या क्षेत्राला राष्ट्रीय आयोग दिला आणि श्वसन तंत्रज्ञाचा व्यवसाय म्हणून समावेश केला. या कायद्यानुसार सहयोगी (अलाइड) आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं, आणि पूर्ण आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीला ३,६००.

हे तास वर्गातल्या फळ्यापुढे भरून चालणार नाहीत. बारावी विज्ञाननंतर मुलांना या अभ्यासक्रमाला घालणाऱ्या पालकांनी प्रवेशाआधी एवढं जरूर विचारावं: संस्थेला स्वतःचा अतिदक्षता विभाग आहे का, आणि विद्यार्थ्याला रुग्णाच्या खाटेशी प्रत्यक्ष किती महिने काम करायला मिळतं? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी संस्था पाहावी.