माहुलीगडावरील पोरका निजामशहा

तानसा तलावाच्या परिसरांत, शहापूर तालुक्यांत, माहुलीचा किल्ला आहे. इ. स. १६३६ त निजामशाहीचा शेवट येथेंच झाला. त्या प्रसंगांतील अल्पवयीन मुर्तजाकडे अभ्यासकांनीं लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें.

त्यापूर्वीं मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान ह्यानें निजामशहास ठार करवून त्याचाच अल्पवयीन मुलगा हुसेन गादीवर बसविला. म्हणजे बापाचा मारेकरीच मुलाचा पालक झाला. १६३३ त दौलताबादेबरोबर हुसेनही त्यानें मोगलांच्या हवालीं केला. पुढें शहाजीराजांनीं त्याच राजवंशांतील मुर्तजास गादीवर बसवून तीन वर्षें कारभार चालविला. माहुलीस खानजमान व रणदुल्लाखान ह्यांचा वेढा पडल्यावर तहान्वयें मुर्तजा मोगलांकडे गेला व राजे आदिलशाहींत चाकरीस राहिले.

दोन्ही पालकांस एकाच मापानें मोजणें अन्याय्य होय. एकानें विश्वासघात केला. दुसऱ्याचा वेढ्यापुढें इलाज चालला नाहीं. तथापि दोन्ही मुलांच्या वांट्यास ग्वाल्हेरची कैदच आली. सबब, अज्ञान राजाच्या नांवाचा कागद हातीं आल्यास, शिक्क्यावर नांव कोणाचें ह्याबरोबरच शिक्का कोणाच्या हातीं होता, हेंही संग्राहकांनीं पाहावें.